दुकान, टपाल आणि खातेवही



वसंतातील ज्ञानसत्रात इतिहासाच्या अभ्यासकाने बाजाराची गोष्ट काढावी, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु सध्या घरोघरी जो प्रश्न विचारला जातो, त्याचे उत्तर शोधण्यास इतिहासाइतके सोयीचे दुसरे ठिकाण आम्हांस दिसत नाही. हातातील फोनवर बोट टेकविले की साडीपासून साबणापर्यंत हवी ती वस्तू दारात येते. मग लक्ष्मी रस्त्यावरील, दादरमधील किंवा तालुक्याच्या चौकातील दुकाने राहणार की जाणार? कोणी म्हणतात, दहापंधरा वर्षांत दुकान ही वस्तुसंग्रहालयात पाहावयाची चीज होईल. कोणी म्हणतात, वाण्याला मरण नाही. दोन्ही पक्ष एक गोष्ट मात्र गृहीत धरतात. ती ही की, हा प्रश्न आजच जन्मास आला. आमचा वाद या गृहीताशी आहे. घरबसल्या खरेदीने दुकाने बुडतील काय, हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत विचारला गेला, त्यावर मोठे रण माजले आणि काळाने त्याचे उत्तरही दिले. ते उत्तर दोन्ही पक्षांना पुरतेपणी मानवणारे नाही.

ज्या वर्षी न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा आरंभ झाला, त्या १८७५ सालापासून सुरुवात करू. त्याच वर्षी मे महिन्याच्या १२ तारखेस पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजारास जमलेल्या शेतकऱ्यांनी दुकानदार-सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला चढविला आणि हिशेबाच्या वह्या व खते जाळली. आणि त्याच वर्षी हजारो मैलांवर शिकागो शहरात एका टपालव्यापाऱ्याने आपल्या गिऱ्हाइकांस वचन दिले की, माल पसंत पडला नाही तर पैसे परत. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. पण गावच्या दुकानात माणसाला काय मिळते आणि काय सोसावे लागते, या एकाच प्रश्नाची ती दोन टोके होत. म्हणून दोन्ही ठिकाणे आज एकत्र पाहावयाची आहेत.

शिकागोची यादी

शिकागोच्या त्या व्यापाऱ्याचे नाव आरन माँटगोमेरी वॉर्ड. तो घाऊक पेढ्यांचा फिरता विक्रेता होता. खेडोपाडी हिंडताना त्याने एक तक्रार सर्वत्र ऐकली. शेतकऱ्याला आपले धान्य दुसऱ्याने सांगितलेल्या भावाने विकावे लागे आणि कापड, अवजारे, साखर हीदेखील दुसऱ्याने सांगितलेल्या भावानेच घ्यावी लागत. गावात दुकान एक. पुढचे गाव दिवसभराच्या वाटेवर. जिथे दुसरे दुकानच नाही, तिथे भाव कोणी विचारावा? वॉर्डने मधले दलाल टाळून माल थेट शेतकऱ्यास पाठविण्याचे ठरविले. १८७१ च्या ऑक्टोबरात शिकागोला लागलेल्या प्रचंड आगीत त्याचा पहिला साठा जळून गेला. तरीही १८७२ मध्ये त्याने एका कागदावर १६३ जिनसांची किंमतवार यादी छापली आणि ती शेतकऱ्यांच्या ग्रेंज नावाच्या संघटनेच्या सभासदांत वाटली.

या यादीत नवे काय होते? माल तोच होता. नवी होती ती छापील किंमत. गावच्या दुकानात गिऱ्हाइकाचा चेहरा, त्याची नड आणि त्याची पत पाहून भाव निघे. यादीतील भाव सर्वांना सारखा. यास्तव प्रथम लोकांचा विश्वासच बसेना. शिकागोच्या एका प्रमुख वृत्तपत्राने १८७३ मध्ये वॉर्डला भामटा ठरविले आणि पुढे आपले शब्द मागे घेतले. न पाहिलेल्या माणसाकडून न पाहिलेला माल घ्यावयाचा, तर हमी हवी. म्हणूनच ते १८७५ चे वचन. आज ज्या परतीच्या सोयीचे आपणास कौतुक वाटते, तिचा पाया या वचनात आहे.

पुढे रिचर्ड सीअर्स नावाचा एक रेल्वे स्टेशनवरील कारकून या धंद्यात उतरला. एका जवाहिऱ्याने नाकारलेली घड्याळांची पेटी १८८६ मध्ये त्याने विकून दाखविली आणि त्यातून सीअर्स-रोबक ही पेढी उभी राहिली. तिचे सूचीपत्र शेकडो पानांचे झाले. त्यात शिवणयंत्रे होती, नांगर होते आणि पुढे पुढे तर सुटे भाग जोडून बांधावयाची अख्खी घरेही आली. ऑर्डर कशी लिहावी हे कळत नसेल तर आपल्या शब्दांत, आपल्या भाषेत लिहा, असे पेढी सांगे.

दुकानदारांचे रण

या उद्योगाचा खरा कणा टपालखाते हा होता. पूर्वी खेड्यातील माणसाला पत्रासाठी टपालकचेरीत जावे लागे. १८९६ पासून अमेरिकेत शेतकऱ्याच्या दारात टपाल पोचविण्याचे प्रयोग सुरू झाले. गमतीची गोष्ट अशी की, या सोयीचा मोठा पुरस्कर्ता जॉन वॉनामेकर हा स्वतः फिलाडेल्फियाचा मातबर दुकानदार होता आणि काही काळ टपालखात्याचा प्रमुखही होता. परंतु जड पार्सले नेण्याचा धंदा खासगी वाहतूक कंपन्यांच्या हाती होता. सरकारने तो करावा की नाही, यावर अनेक वर्षे झगडा झाला. गावोगावचे दुकानदार आणि या कंपन्या एका बाजूस, शेतकरी दुसऱ्या बाजूस. अखेर १ जानेवारी १९१३ रोजी सरकारी पार्सलसेवा सुरू झाली आणि टपालपेढ्यांचा धंदा भराभर वाढला.

दुकानदारांचा संताप किती होता, हे त्यांच्या उपायांवरून कळते. ‘आपल्या गावातच खरेदी करा’ अशा मोहिमा निघाल्या. काही गावी सूचीपत्रांची जाहीर होळी झाली; मुलांनी घरातील सूचीपत्र आणून द्यावे म्हणून त्यांस खाऊचे वा तमाशाच्या तिकिटाचे आमिष दाखविले गेले. त्यांचा युक्तिवादही पोकळ नव्हता. ते म्हणत, दुष्काळात उधार आम्ही देतो, शाळेला नि चर्चला वर्गणी आम्ही देतो. शिकागोची पेढी तुमच्या घरी आजारपण आले म्हणून चार महिने थांबणार आहे काय? आज आपला कोपऱ्यावरचा वाणी हेच बोलतो, आणि ते खोटे नाही.

तथापि या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती इतिहासकाराने झाकून ठेवणे योग्य नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामगिरी संपली तरी निग्रो म्हणून हिणविल्या गेलेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याची मान दुकानात खालीच राही. सर्व गोऱ्या गिऱ्हाइकांचे झाल्यावर त्याची पाळी येई. उभ्या पिकावर उधारी चढे, आणि वही दुकानदाराच्या हाती. सूचीपत्रातील भाव मात्र गोऱ्याला आणि काळ्याला एकच. पाकिटावर कातडीचा रंग दिसत नाही! पुष्कळ ठिकाणी टपालकचेरीच दुकानदाराच्या दुकानात असल्यामुळे, पत्र थेट टपालवाल्याच्या हाती द्या, असा सल्ला पेढी देई. लुई हायमन या इतिहासकाराने अलीकडे या गोष्टीकडे लोकांचे लक्ष वेधले. वांशिक अपमानातून निसटण्याची एक लहानशी वाट या सूचीपत्राने उघडली, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

हे ऐकताना आपणांस आपल्याच गावांची आठवण झाली नसेल तर नवल. दुकानाच्या पायरीखाली उभे राहून, वरून टाकलेला जिन्नस पदरात झेलणारी आणि पैसे दुरून ठेवणारी माणसे याच महाराष्ट्रात होती. त्यांच्या नातवंडाने आज फोनवर वस्तू मागविली, तर पलीकडचा माणूस त्याची जात विचारीत नाही. गावचा दुकानदार सर्वांना ओळखतो, हे त्याचे भूषण आपण सांगतो. पण ओळखले जाणे हे सर्वांनाच सुखाचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

सुप्याची होळी

आता आपल्या सुप्याकडे वळू. तेथील दुकानदार केवळ मीठमिरची विकणारा नव्हता. तोच धान्य घेई, तोच कर्ज देई, तोच वही लिही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले तेव्हा कर्ज सहज मिळाले. १८६५ नंतर भाव कोसळले आणि वसुलीचा तगादा लागला. त्यातच सरकारने शेतसारा वाढविलेला. ज्या वहीत काय लिहिले आहे हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हते, त्या वहीच्या आधारे त्याची जमीन जाऊ लागली. सुप्याचे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरले. जमावाचा पहिला रोख असे तो वह्यांवर आणि कर्जखतांवर. मारहाण त्या मानाने कमी झाली. त्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या शेतकऱ्याने रोगाचे मूळ अचूक ओळखले होते.

चौकशी होऊन १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यातील एक कलम आम्हांस फार मोलाचे वाटते. दिलेल्या पैशाची पावती मिळण्याचा, हिशेबाचा उतारा मागण्याचा आणि आपल्या खात्याचे पुस्तक मिळविण्याचा हक्क ऋणकोला देण्यात आला. म्हणजे दुकान राहिले, सावकारही राहिला. परंतु वही एकट्याची राहू नये, हे तत्त्व मान्य झाले. कायद्याचा अंमल किती झाला, हा निराळा प्रश्न. तत्त्व ध्यानात ठेवावे. अखेरीस त्याच्याकडे यावयाचे आहे.

जेत्यानेच दुकान थाटले

इकडे शिकागोत काय झाले? टपालपेढ्यांनी दुकाने बुडविली काय? याचे उत्तर मोठे विस्मयकारक आहे. टपालपेढ्यांनीच दुकाने काढली!

रॉबर्ट वुड नावाचा एक निवृत्त सेनाधिकारी होता. पनामा कालव्याच्या कामावर असताना त्याला सरकारी आकड्यांची जाडजूड पुस्तके वाचण्याचा नाद लागला. त्या आकड्यांत त्याने दोन गोष्टी पाहिल्या. १९२० च्या शिरगणतीत अमेरिकेतील शहरी वस्ती प्रथमच ग्रामीण वस्तीहून अधिक भरली; आणि मोटारी झपाट्याने वाढत होत्या. ज्या शेतकऱ्याला दुकान दूर म्हणून टपाल हवे होते, तो आता मोटारीत बसून शहरात जाऊ लागला होता. वुडने वॉर्डच्या पेढीला दुकाने काढण्याचा सल्ला दिला. तो मानला गेला नाही आणि वुड बाहेर पडला. सीअर्सने त्याला बोलावून घेतले. फेब्रुवारी १९२५ मध्ये शिकागोतील टपालमालाच्या इमारतीतच सीअर्सचे पहिले दुकान उघडले. १९३१ पर्यंत दुकानांतील विक्री टपालाच्या विक्रीहून मोठी झाली. वॉर्डची पेढीही मागोमाग त्याच वाटेने गेली.

यातून काय निघते? माणसाला टपालाचे प्रेम नव्हते, की दुकानाचाही द्वेष नव्हता. अंतर, भाव आणि विश्वास या तीन गोष्टींचा मेळ ज्या काळी जिथे बसेल, तिथे तो गेला. पुढे सीअर्स ही अमेरिकेतील सर्वांत मोठी किरकोळ विक्रीची संस्था झाली. १९९३ मध्ये तिने आपले मोठे सूचीपत्र बंद केले. लगेच पुढल्या वर्षी ॲमेझॉनची स्थापना झाली आणि १९९५ मध्ये तिने संगणकाच्या जाळ्यावरून पुस्तके विकण्यास सुरुवात केली. घरबसल्या खरेदीचे शतकभराचे तंत्र ज्या पेढीजवळ होते, तिने ते टाकून द्यावे आणि दुसऱ्याने नव्या साधनाने उचलावे, असा हा योग! ऑक्टोबर २०१८ मध्ये सीअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आणि ॲमेझॉनने काय केले? २०१५ मध्ये सिअ‍ॅटल शहरात पुस्तकांचे दुकान उघडले. २०१७ मध्ये सुमारे १,३७० कोटी डॉलर मोजून किराणा-भाजीपाल्याची एक मोठी दुकानसाखळी विकत घेतली. पुस्तकांची दुकाने तिला साधली नाहीत आणि २०२२ मध्ये ती बंद करण्याचे तिने जाहीर केले. भाजीपाल्याची मात्र तिने ठेवली. हा फरक अर्थपूर्ण आहे. पुस्तक कोठेही घेतले तरी तेच असते. वांगे मात्र हातात घेऊन पाहावेसे वाटते.

आपल्याकडील हिशेब

आपल्या देशात घरपोच मालाची कल्पना परकी नाही. माल हाती पडल्यावर पैसे देण्याची व्ही. पी. ची पद्धत भारतीय टपालखात्याने १८७७ मध्येच सुरू केली. पुस्तके, पंचांगे, औषधे या मार्गाने खेडोपाडी गेली. २००७ मध्ये बंगळूरला निघालेल्या फ्लिपकार्ट कंपनीने २०१० मध्ये माल दारात आल्यावर रोख घेण्याची सोय केली आणि तिचा धंदा फोफावला, ती व्ही. पी. चीच नवी आवृत्ती होती. न पाहिलेल्या व्यापाऱ्यावरील अविश्वास १८७५ मध्ये शिकागोत जसा होता, तसाच तो आपल्याकडेही होता आणि त्यावरील तोडगाही त्याच जातीचा निघाला.

आता परिणाम पाहू. काही दुकाने गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुंबईचे ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झाले आणि १९४८ पासून वाचकांचे माहेरघर असलेले स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये. गाणे आणि पुस्तक या वस्तू तारेवरून किंवा टपालाने आल्या तरी त्यांत फरक पडत नाही. म्हणून पहिला घाव तेथे बसला. परंतु सर्व बाजाराची ही गत झालेली नाही. अमेरिकेत ॲमेझॉनच्या आरंभानंतर जवळजवळ तीस वर्षांनी, २०२४ मध्ये, किरकोळ विक्रीपैकी सुमारे १६ टक्के विक्री ऑनलाइन होती. उरलेली मुख्यत्वे दुकानांतूनच. ब्रिटनमध्ये महामारीच्या टाळेबंदीत, २०२१ च्या आरंभी, हे प्रमाण एकतृतीयांशाच्या वर चढले. दुकाने उघडताच ते उतरले आणि चौथ्या हिश्श्याच्या आसपास राहिले. आपल्या देशाचे बहुतेक अंदाज अद्याप दहा टक्क्यांच्या आतले आहेत. चष्म्यांचा धंदा ऑनलाइन सुरू करणाऱ्या आपल्याकडील एका कंपनीने पुढे देशभर शेकडो दुकाने थाटली, कारण डोळे तपासण्यास आणि चष्मा नाकावर ठेवून पाहण्यास माणूस समोर लागतो. रॉबर्ट वुडचा धडा तिने पुन्हा गिरविला.

तेव्हा दुकान राहील काय, या प्रश्नाचे आमचे उत्तर ‘राहील’ असे आहे. पण एवढ्यावर समाधान मानून घरी जाणे धोक्याचे आहे. १९२५ नंतर अमेरिकेत दुकाने वाढली, हे खरे. परंतु ती कोणाची? गावच्या दुकानदाराची नव्हेत. ज्यांच्या सूचीपत्रांची त्याने होळी केली, त्यांचीच साखळी-दुकाने त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. आपल्याकडेही शहरांतील गल्लीबोळांत, काही मिनिटांत माल पोचविणाऱ्या कंपन्यांची कोठारे झाली आहेत. आत फळ्यांवर माल रचलेला असतो, पण गिऱ्हाइकाला दार बंद. दुकान आहे, दुकानदार मात्र नाही. आत आहेत ते घड्याळाकडे पाहून धावणारे मजूर. याला दुकानाचा अंत म्हणावयाचे की दुकानाचा मालक बदलणे म्हणावयाचे? आम्ही दुसरे म्हणू.

मग लहान दुकानदाराने काय करावे? होळ्या करून काही साधत नाही, हे शिकागोच्या इतिहासाने दाखविले. २०२० च्या टाळेबंदीत ज्या वाण्याने फोनवर यादी घेऊन सामान दारात पोचविले, त्याने परीक्षा उत्तम रीतीने पार केली. गिऱ्हाइकांनीही स्वतःची वाट काढली तर निघते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारची कुटुंबे एकत्र येऊन महिन्याची यादी भरतात. माल घाऊक घेतला जातो आणि संघात वाटला जातो. दुकानाशिवाय, दलालाशिवाय आणि संगणक घराघरांत येण्याच्या कितीतरी आधी हे मराठी माणसांनी करून दाखविले. सारांश, माल घरी आणण्याचे तंत्र कोणा एका धनिक कंपनीची मिरास नव्हे.

आता ज्या तत्त्वापाशी येतो असे म्हटले होते, तेथे येतो. वाण्याच्या वहीत आपली उधारी लिहिलेली असे. आजच्या कंपनीच्या वहीत आपण काय घेतले इतकेच नव्हे, तर काय पाहिले आणि काय पाहून सोडून दिले, हेही लिहिले जाते. तिच्यामार्फत माल विकणाऱ्या लहान व्यापाऱ्याचा हिशेबही त्याच वहीत असतो. कोणाचा माल यादीत वर दिसावा आणि कोणाचा तळाशी जावा, हे ती वही ठरविते. सुप्याच्या शेतकऱ्याला वही वाचता येत नव्हती, कारण तो निरक्षर होता. आपण साक्षर आहोत. पण ही वही आपल्यासमोर उघडलीच जात नाही. संसदेने २०२३ मध्ये व्यक्तीच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि आपली कोणती माहिती वापरली जात आहे, हे विचारण्याचा हक्क त्यात मान्य केला. १८७९ च्या कायद्यातील खातेपुस्तकाचाच हा वंशज होय. तो कागदावर राहू न देणे, हे आपले काम.

बंधुभगिनींनो, माणसे दुकानात जात राहतील आणि घरीही माल मागवीत राहतील. त्यांपैकी एकाला देव्हाऱ्यात बसवावे आणि दुसऱ्याला बाहेर हाकलावे, असे इतिहास सांगत नाही. ज्या दुकानाने माणसाला पायरीखाली उभे केले, त्याची भलामण आम्ही करणार नाही. आणि ज्या यंत्राने दुकानदाराला मजूर केले, त्याचीही आरती ओवाळणार नाही. भाव सर्वांस सारखा असावा, न आवडलेला माल परत घेतला जावा, आणि वही दोघांनाही वाचता यावी. ही तीन मागणी जो पुरवील, त्याच्याकडे गिऱ्हाइकाने खुशाल जावे. आणि जो पुरवीत नाही, तो कोपऱ्यावरचा असो की सातासमुद्रापलीकडचा, त्याला प्रथम एवढेच विचारावे: वही दाखवा.